रोज लोकलने जाणाऱ्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप: वजन, बॅटरी आणि थोडे गेमिंग

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या मुलीला माटुंग्याच्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि ती रोज बदलापूरहून लोकलने जाणार आहे. सकाळी सातला घर सोडल्यावर संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत ती बाहेर असेल आणि वर्गात चार्जिंगसाठी प्लग मिळेलच याची खात्री नाही. रात्री व सुट्टीच्या दिवशी ती भावाबरोबर व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट खेळते, अधूनमधून जीटीए ५ खेळायची तिची इच्छा आहे. खर्चाची मर्यादा ८०,००० रुपये आहे. दुकानदाराने दोन लॅपटॉप सुचवले आहेत. पहिला १५.६ इंची, आरटीएक्स ३०५० हे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला, २.३ किलो वजनाचा आणि ५२ वॅट-तास बॅटरीचा. दुसरा १४ इंची, कोअर अल्ट्रा ५ १२५एच प्रोसेसरचा, १६ जीबी रॅमचा, १.४ किलो वजनाचा आणि ६५ वॅट-तास बॅटरीचा, मात्र त्यात स्वतंत्र कार्ड नाही. शिवाय एका नातेवाइकाने मॅकबुक एअर घ्या असे सांगितले आहे.

माझे उत्तर दुसऱ्या लॅपटॉपच्या बाजूने आहे, पण दोन अटींवर: त्याची रॅम ड्युअल चॅनेल, म्हणजे प्रोसेसरशी दुहेरी मार्गाने जोडलेली, असली पाहिजे आणि तो टाइप-सी पोर्टमधून चार्ज झाला पाहिजे. या अटी अशा का आहेत आणि गेम खेळणाऱ्या मुलीला गेमिंग लॅपटॉप नको असे मी का म्हणतो, हे आता सविस्तर सांगतो. सोळा वर्षे लॅपटॉप दुरुस्त करताना विद्यार्थ्यांची यंत्रे पहिल्या वर्षी कशी येतात आणि चौथ्या वर्षी कोणत्या अवस्थेत येतात, हे मी जवळून पाहिले आहे.

सुरुवात वजनापासून करतो, कारण खरेदीच्या वेळी सगळ्यात कमी विचार त्याचाच होतो. पहिल्या लॅपटॉपचे २.३ किलो हे अर्धेच सत्य आहे, कारण अशा यंत्राचा चार्जर बहुधा १५० वॅटच्या आसपासचा असतो आणि त्याची वीट व केबल मिळून साधारण अर्धा किलो भरते. म्हणजे सॅकमध्ये पावणेतीन किलोच्या पुढचे ओझे, त्यात वह्या, डबा आणि पाण्याची बाटली, आणि हे सगळे सकाळच्या गर्दीत सॅक छातीशी धरून उभ्याने न्यायचे. माझ्या भाच्याला मी स्वतःच २०१९ मध्ये असा एक जड लॅपटॉप घेऊन दिला होता. तीन महिन्यांनी तो घरातल्या टेबलावरच राहू लागला, प्रॅक्टिकलला भाचा मित्राच्या यंत्रावर काम करू लागला आणि नोट्स फोनवर फोटो काढून जमवू लागला. तो सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता. तेव्हापासून विद्यार्थ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो प्रवासाबद्दल, प्रोसेसरबद्दल नाही. रोज प्रवास करणाऱ्यासाठी चार्जरसकट पावणेदोन किलो ही मी मर्यादा मानतो.

आता बॅटरी. तिच्याकडे तासांत पाहू नका, वॅट-तासांत पाहा, कारण वॅट-तास हा टाकीचा आकार आहे आणि वॅट हा नळाचा वेग. ६० वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ८ वॅट खर्च असेल तर साडेसात तास मिळतील. तीच बॅटरी १५ वॅट खर्चाच्या यंत्रात चार तासांत रिकामी होईल. काही कंपन्या बॅटरीची क्षमता केवळ एमएएचमध्ये छापतात. तेव्हा तो आकडा बॅटरीच्या व्होल्टेजने गुणून हजाराने भागायचा. उदाहरणार्थ ४,५०० एमएएच आणि ११.५५ व्होल्ट म्हणजे जवळजवळ ५२ वॅट-तास. फोनच्या एमएएचशी या आकड्याची तुलना करू नका, कारण फोनमध्ये एकच सेल असतो आणि लॅपटॉपमध्ये तीन-चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात.

हाच हिशेब तुमच्या मुलीच्या दिवसाला लावून पाहू. ती अकरा-साडेअकरा तास बाहेर असली तरी स्क्रीन प्रत्यक्ष उघडी असेल ती साधारण पाच तास: दोन तास तासिकांमधल्या नोट्स, दोन तास प्रयोगशाळेत कोड लिहिणे आणि एक तास वाचनालयात. सडपातळ, काटकसरी प्रोसेसरचा लॅपटॉप अशा कामाला, स्क्रीन निम्म्या उजेडावर ठेवली तर, सरासरी ६ ते ९ वॅट घेतो. ८ वॅट धरले तर पाच तासांना ४० वॅट-तास लागतील. पण बॅटरी नवीन असेपर्यंतच पूर्ण भरते. दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर ती मूळच्या ८० टक्क्यांवर आलेली असते असे धरून चालावे, म्हणून ४० च्या जागी ५० हवेत. शिवाय ती रोज शून्यापर्यंत नेणे योग्य नाही आणि एखादा दिवस लांबतोही, म्हणून १५ टक्के राखीव धरले की आकडा ५९ पर्यंत जातो. तेव्हा चार वर्षांचे शिक्षण नजरेसमोर ठेवून ६० वॅट-तास ही मी खालची मर्यादा मानतो. दुकानात बरेच विकले जाणारे ४१ ते ४७ वॅट-तासांचे लॅपटॉप पहिल्या वर्षी पुरे पडतात आणि तिसऱ्या वर्षी चार्जरला बांधलेले असतात.

गेमिंग लॅपटॉपचे गणित इथेच बिघडते. त्याचा प्रोसेसर मोठ्या वीजपुरवठ्यासाठी जुळवलेला असतो, स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असते आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड झोपलेले असावे अशी अपेक्षा असली तरी एखादा ब्राउझर किंवा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम त्याला वारंवार जागे करतो. त्यामुळे साध्या लिखाणालाही असे यंत्र १२ ते २० वॅट घेताना मी मोजले आहे. १५ धरा: ५२ वॅट-तास साडेतीन तासांत संपतात, आणि तेही बॅटरी नवी असताना. बॅटरीवर गेम खेळायचा म्हटले तरी कार्डाचा उपयोग होत नाही, कारण बॅटरी चार्जरइतकी वीज एका वेळी देऊच शकत नाही आणि यंत्र आपणहून कार्डाचा वेग घसरवते. एवढे करूनही खेळ तासाभरात थांबतो. म्हणजे ज्या कार्डासाठी जास्त वजन आणि कमी बॅटरी पत्करली, ते केवळ घरी, भिंतीच्या सॉकेटजवळच कामाला येते.

जाहिरातीतल्या तासांबद्दलही बोलले पाहिजे. ‘१८ तासांपर्यंत’ असा आकडा बहुधा चित्रफीत चालवून काढलेला असतो. चित्रफीत उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये एक वेगळा, अत्यंत कमी विजेवर चालणारा भाग असतो, बाकीचा प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ विश्रांती घेतो, आणि चाचणीत स्क्रीनचा उजेड मंद ठेवलेला असतो. ॲपलने एम४ मॅकबुक एअरसाठी दोन्ही आकडे दिले आहेत: चित्रफितीसाठी १८ तास आणि वाय-फायवर वेबपाने पाहण्यासाठी १५ तास. एकाच यंत्राचे, एकाच कंपनीचे, तरीही तीन तासांचे अंतर. ज्या कंपन्या केवळ चित्रफितीचाच आकडा देतात, त्यांच्या आकड्याच्या निम्मे तास रोजच्या कामात मिळतील असे धरून चाला. त्यापेक्षा जास्त मिळाले तर फायदाच आहे.

आता गेमकडे येतो. तुमची मुलगी जे खेळते त्याला स्वतंत्र कार्ड खरोखर लागते का, हा निर्णायक प्रश्न आहे. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तो साध्या यंत्रांवर चालावा याच हेतूने. त्याच्या किमान गरजांत इंटेलचे एचडी ४००० हे २०१२ मधले अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेले, ग्राफिक्ससुद्धा बसते. माइनक्राफ्ट शेडर (प्रकाश-सावलीचे जादा परिणाम) न लावता खेळले तर ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरच्या एका गाभ्याचा (कोअरचा) वेग जास्त लागतो. जीटीए ५ संगणकावर २०१५ मध्ये आला आणि आजच्या चांगल्या अंगभूत ग्राफिक्सवर तो १०८० रिझोल्यूशनला, साध्या सेटिंगवर, सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास सुरळीत चालतो. व्हॅलोरंट तर तिथे शंभरच्या वर जातो. काउंटर-स्ट्राइक २ थोडा जड आहे, पण सेटिंग खाली आणले तर तोही खेळता येतो. सायबरपंक २०७७ सारखे खेळ मात्र इथे ३० फ्रेमच्या आसपास घुटमळतात. मुलीचे मन अशा खेळांत असेल तर माझे हे उत्तर तिच्यासाठी नाही, आणि तसे तिला आधीच विचारून घ्या.

अंगभूत ग्राफिक्सच्या बाबतीत एक गोष्ट दुकानात फारशी सांगितली जात नाही आणि माझी पहिली अट तिच्यावरच आहे. स्वतंत्र कार्डाला स्वतःची स्मृती असते; अंगभूत ग्राफिक्स मात्र लॅपटॉपचीच रॅम वापरते. त्यामुळे रॅमपर्यंतचा रस्ता किती रुंद आहे, यावर खेळाचा वेग ठरतो. डीडीआर५-५६०० रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर सेकंदाला सुमारे ४५ जीबी इतकी माहिती जाऊ शकते. दोन पट्ट्या असतील तर तीच क्षमता ९० जीबीच्या घरात जाते. बोर्डवर डकवलेली एलपीडीडीआर५एक्स रॅम असेल तर ती सहसा दुहेरी मार्गानेच जोडलेली असते आणि आणखी वेगवान असते. १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखीच, पण खेळात फरक इतका पडतो की दोन वेगळी यंत्रे वाटावीत.

तुम्हाला सुचवलेल्या १२५एच प्रोसेसरच्या बाबतीत तर इंटेलने हा नियमच केला आहे: रॅम किमान १६ जीबी आणि ड्युअल चॅनेल असेल तरच त्याच्या ग्राफिक्सला ‘आर्क’ हे नाव मिळते, नाहीतर त्याच चिपवर नुसते ‘इंटेल ग्राफिक्स’ असे दिसते. म्हणून दुकानात लॅपटॉप सुरू करून टास्क मॅनेजर उघडा आणि ग्राफिक्सच्या पानावर ‘आर्क’ लिहिलेले आहे का ते स्वतः पाहा. लिहिलेले नसेल आणि दुसरा रॅम स्लॉट रिकामा असेल, तर तितकीच दुसरी पट्टी बसवून देण्याची बोलणी तिथेच करा आणि ती बिलात लिहून घ्या. स्लॉटच नसेल तर तो लॅपटॉप घेऊ नका. आठ जीबीचा पर्याय कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण त्यातली दोन-तीन जीबी ग्राफिक्सच घेऊन जाईल आणि उरलेल्यात विंडोज, ब्राउझर आणि कोड लिहिण्याचे सॉफ्टवेअर एकत्र मावणार नाही.

प्रोसेसरची नावे हल्ली इतकी गोंधळाची झाली आहेत की नाव मोठे म्हणून ग्राफिक्स चांगले असे अजिबात धरता येत नाही. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू हा नावावरून ७००० मालिकेतला दिसतो, पण त्याची रचना झेन २ म्हणजे बरीच जुनी आहे आणि ग्राफिक्सचे केवळ दोनच विभाग त्यात आहेत. त्या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो, म्हणून ७८४०एचएसमधला ४ हा झेन ४ चा आणि ७७३०यूमधला ३ हा झेन ३ चा. ७८४० आणि ८८४० या क्रमांकांत रॅडिऑन ७८०एम हे बारा विभागांचे ग्राफिक्स येते आणि तुमच्या कामाला ते उत्तम आहे. त्याच्याखालचे ७६०एम आठ विभागांचे, तेही चालेल. इंटेलकडे उलटा सापळा आहे: आय५-१३४२०एच हे नाव आय५-१३३५यूपेक्षा दणकट वाटते आणि प्रोसेसर म्हणून ते आहेही, पण अंगभूत ग्राफिक्सचे विभाग पहिल्यात ४८ आणि दुसऱ्यात ८० (इंटेलचे आणि एएमडीचे विभाग वेगळ्या मापाचे, त्यांची एकमेकांशी तुलना करू नका). स्वतंत्र कार्डासोबत विकण्यासाठी जे प्रोसेसर बनले, त्यांच्यात अंगभूत ग्राफिक्स असे काटछाट केलेले असते. कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये १३४२०एच दिसला तर खेळासाठी तो घेऊ नये.

कोअर अल्ट्रामध्ये १२५एच आणि १२५यू यांत हाच फरक आहे: एचमध्ये ग्राफिक्सचे सात गाभे, यूमध्ये चार. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली २०० व्ही मालिका बॅटरीच्या दृष्टीने इंटेलची आजवरची फार चांगली मालिका आहे आणि तिचे ग्राफिक्सही सरस आहे. त्यातल्या २२६व्हीचा लॅपटॉप एखाद्या सणाच्या सवलतीत तुमच्या मर्यादेत आला तर १२५एचपेक्षा तो मी आधी घेईन. त्यात रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, म्हणून नंतर वाढवता येत नाही, पण ती १६ जीबीपेक्षा कमी नसते आणि ड्युअल चॅनेलचा प्रश्नच उरत नाही.

स्वतंत्र कार्डाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण दुकानदाराने ‘इंजिनीअरिंगला कार्ड लागतेच’ असे तुम्हाला सांगितले असणार. यंत्र अभियांत्रिकी किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला मोठी त्रिमितीय मॉडेल फिरवायची असतात, चित्रफीत-संपादन करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. त्यांना मी कार्डाचा लॅपटॉप घ्यायलाच सांगतो. संगणक अभियांत्रिकीत मशीन लर्निंगच्या विषयात एनव्हिडियाच्या कार्डाची गरज भासते हे खरे, पण ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि तेव्हा गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच ग्राफिक्स प्रोसेसर मोफत वापरता येतो. त्या एका विषयासाठी पहिल्या दिवसापासून रोज एक किलो जास्तीचे ओझे वाहण्यात मला शहाणपण दिसत नाही.

मॅकबुक एअरविषयी. १३ इंची एम४ एअर १.२४ किलोचा आहे, बॅटरी ५३.८ वॅट-तासांचीच, तरीही तुमच्या मुलीचा दिवस तो सहज काढील, कारण त्याचा प्रोसेसर फारच कमी वीज घेतो; वर सांगितलेल्या टाकी आणि नळाच्या हिशेबाचे याहून चांगले उदाहरण नाही. त्याला पंखा नाही, म्हणून धूळ आत ओढली जात नाही. नुसता अभ्यास असता तर विद्यार्थी सवलतीची किंमत पाहून मी कदाचित तोच सांगितला असता. पण व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही आणि काउंटर-स्ट्राइक २ चाही मॅकसाठी आधार नाही, आणि भावाबरोबर खेळायचे हे मुलीने स्वतः सांगितले आहे. तिची ही इच्छा क्षुल्लक मानू नका. स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपबाबतही सावध राहा. त्यांची बॅटरी उत्तम असते, परंतु इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर तिथे अनुवादाच्या थरातून चालते आणि ज्या खेळांचे फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसते, ते अशा थरातून चालूच शकत नाही.

याच सॉफ्टवेअरशी जोडलेली आणखी एक बाब मुलीला आत्ताच सांगून ठेवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी सुरू असाव्या लागतात. संगणक शाखेची मुले दुसऱ्या वर्षी लिनक्स टाकायला घेतात, कुठल्यातरी चित्रफितीत पाहून सिक्युअर बूट बंद करतात आणि नंतर खेळ उघडत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन दुरुस्तीला येतात. विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय अभ्यासक्रमाच्या बहुतेक कामाला पुरते, तीच वापरावी.

स्क्रीन १४ इंची, १९२० गुणिले १२०० आणि किमान ३०० निट्स उजेडाची घ्या. २५० निट्सची स्क्रीन लोकलच्या खिडकीशी किंवा महाविद्यालयाच्या व्हरांड्यात वाचता येत नाही, मग उजेड पूर्ण वाढवावा लागतो आणि बॅटरी तिथेच जाते. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल तर रंग फिके दिसतील. ‘१०० टक्के एसआरजीबी’ मिळाले तर चांगले. ओएलईडी स्क्रीनचा मोह होतो हे मी समजू शकतो, पण पांढऱ्या पानावर दिवसभर वाचायचे असेल तर ती जास्त वीज घेते, आणि तिच्यासोबत बहुधा २८८० गुणिले १८०० रिझोल्यूशन येते, जे १९२० गुणिले १२०० च्या सव्वादोन पट बिंदू रंगवायला लावते. अंगभूत ग्राफिक्सला ते झेपत नाही, म्हणून खेळात रिझोल्यूशन उतरवावेच लागते.

एसएसडी, म्हणजे फाइली साठवण्याची डिस्क, ५१२ जीबीची पुरेल, पण लक्षात घ्या की जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या आसपास जागा घेतो. एसएसडी नंतर बदलता येते, तेव्हा त्यावर जास्तीचे पैसे आज घालवू नका. कॅमेरा आणि आवाज यांच्याकडे मी फारसे लक्ष देणार नाही.

दुसरी अट टाइप-सी चार्जिंगची. ६५ वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइड वापरलेला, आकाराने लहान) चार्जर मुठीत मावतो, फोनलाही चालतो, आणि मूळ चार्जर घरी टेबलाशी कायम ठेवता येतो. अडीअडचणीला ६५ वॅट देणारी २०,००० एमएएचची पॉवर बँकही वापरता येते. तिच्यात ७४ वॅट-तास असतात आणि रूपांतरातले नुकसान धरले तरी लॅपटॉप ८० टक्क्यांच्या आसपास भरू शकतो. मात्र साधी, फोनपुरती १८ किंवा २२ वॅटची पॉवर बँक घेऊन जाऊ नका. बहुतेक लॅपटॉप तिला नाकारतात. टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही. पोर्टशेजारी बॅटरीचे किंवा ‘पीडी’चे (पॉवर डिलिव्हरीचे) चिन्ह पाहा, आणि शक्य असेल तर दुकानात स्वतःचा चार्जर लावून पाहा.

माझ्याकडे उपनगरांतून येणाऱ्या फुटलेल्या स्क्रीनपैकी फार थोड्या पडून फुटलेल्या असतात. बहुतेक दाबल्या गेलेल्या असतात: सॅकच्या पुढच्या कप्प्यात चार्जरची वीट, मागच्या कप्प्यात लॅपटॉप, आणि डब्यात मागून आलेला लोंढा. गेल्या पावसाळ्यात कल्याणची एक विद्यार्थिनी आली होती, तिच्या स्क्रीनवरच्या तड्याचा मध्य आणि चार्जरच्या विटेचा कोपरा तंतोतंत जुळत होते. चार्जर तळाशी, कडेला ठेवावा, झाकणाची बाजू पाठीकडे किंवा जाड वहीकडे करावी, पाण्याची बाटली सॅकच्या बाहेरच्या जाळीत असावी आणि जून ते सप्टेंबर लॅपटॉप बंद प्लास्टिक पिशवीत घालूनच सॅकमध्ये ठेवावा. खरेदीच्या वेळी बिजागर तपासा: स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागराचे पितळी नट नुसत्या प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात आणि दीड-दोन वर्षांत ते उखडून येतात. झाकण एका कोपऱ्याने उघडले तर ते पिळू नये आणि उघडताना खालच्या बाजूच्या सांध्यात फट पडू नये.

वापराच्या काही सवयी पहिल्या दिवसापासून लावल्या तर वर काढलेला हिशेब खरा ठरतो. झाकण लावून सॅकमध्ये टाकलेला विंडोज लॅपटॉप पुष्कळदा पूर्ण झोपत नाही, आतल्या आत जागा होऊन गरम होत राहतो आणि माटुंग्याला पोहोचेपर्यंत दहा-पंधरा टक्के घालवून बसतो. म्हणून झाकण लावल्यावर ‘हायबरनेट’ व्हावे, म्हणजे चालू काम साठवून यंत्र पूर्ण बंद व्हावे, अशी मांडणी करा. बॅटरीवर असताना स्क्रीन ६० हर्ट्झवर आणि विंडोज काटकसरीच्या मोडवर ठेवावे. व्हॅलोरंटमध्ये बॅटरीवर असताना फ्रेमची मर्यादा घालण्याची सोय आहे, ती ६० वर लावली तर खेळतानाचा खर्च बराच खाली येतो. घरी प्लग लावून खेळताना कंपनीच्या ॲपमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करावी, आणि कॉलेजच्या दिवसांच्या आदल्या रात्री ती १०० वर न्यावी. लिथियमच्या सेलला सगळ्यात जास्त झिजवते ती पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता यांची जोडी, आणि मे महिन्यात गादीवर ठेवून चार्जर लावून गेम खेळताना ती नेमकी जमून येते. लॅपटॉप नेहमी टेबलावर किंवा लाकडी फळीवर ठेवावा. कधी टचपॅड वर उचललेला वाटला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून त्याच दिवशी चार्जर काढावा आणि यंत्र बंद करून दुरुस्तीला द्यावे. दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये.

खरेदी लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून करा किंवा ऑनलाइन करा, जीएसटीचे पक्के बिल मुलीच्या किंवा तुमच्या नावाने घ्या आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का ते विचारा. वाढीव वॉरंटी घेताना हे लक्षात घ्या की यंत्राला तीन वर्षे मिळाली तरी बॅटरीला पुष्कळदा एकच वर्ष मिळते. रोज लोकलने जाणाऱ्यासाठी वाढीव वॉरंटीपेक्षा अपघाती नुकसानीचे संरक्षण जास्त मोलाचे आहे, कारण फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत बसत नाही.

लॅपटॉप घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ रचनेतली क्षमता आणि प्रत्यक्ष भरणारी क्षमता शेजारी दिसतात. नव्या यंत्रात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. प्रत्यक्ष क्षमता मूळ क्षमतेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली तर ते यंत्र फार काळ गोदामात पडून होते किंवा आधी वापरले गेले आहे. दुसरी चाचणी मुलीला करू द्या: बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढून, उजेड निम्मा ठेवून तिने दोन तास तिचे नेहमीचे काम करावे. ६५ वॅट-तासांतले २५ टक्के गेले तर सरासरी खर्च ८ वॅट, म्हणजे आपण धरला तेवढाच. ३५ टक्क्यांच्या पुढे गेले तर आधी सगळी अपडेट पूर्ण होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण नवे विंडोज पहिले एक-दोन दिवस पार्श्वभूमीत बरेच काम करत असते. दुसऱ्या दिवशीही तेच दिसले तर मुदतीच्या आत लॅपटॉप परत करून दुसरा मागवा.